गोलात उभ्या राहणाऱ्या मुलासाठी



वस्तीत फुटबॉल सुरू झाला की सर्वांत लहान मुलाला, नाहीतर ज्याच्या पायात बूट नाहीत त्याला गोलात उभे करतात. मार मात्र सर्वांत जास्त त्यालाच बसतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे मुलांना पाठ असते. पण तो पुढे खेळणारा. गोलकीपरला शिकवायला सहसा कोणी नसते.

पैसे थोडे असतील तर आधी नडगीचे पॅड घ्यावेत. फुटबॉलच्या नियमानेही ते सक्तीचे आहेत. मुलग्यांना क्रिकेटचा गार्ड चालतो. खडकाळ मैदानावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि आत कोपर-गुडघ्याचे पॅड हवेत. हातमोजे त्यानंतर. ते बोटांपुढे किंचित मोकळे राहतील असे घ्यावेत, वापरण्यापूर्वी तळवा थोडा ओला करावा, आणि धुतल्यावर सावलीत वाळवावेत. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की रबर तडकते. बारा वर्षांखालील मुलाला मोठा पाच नंबरचा चेंडू देऊ नये. आठ ते बारा वयाला चार नंबर पुरे.

चंदगडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. मैदान बंद, पण वर्षावासाचे तीन महिने विहार रोज उघडा असतो. संध्याकाळच्या ग्रंथवाचनाआधी अर्धा तास सभागृह मुलांना द्यावे, असे समितीला सुचवावेसे वाटते. भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून दोन्ही हातांनी झेलणे, दोरीच्या उड्या, बैठका, एवढ्याने नजर आणि पाय तयार होतात.

खरी शिकायची गोष्ट म्हणजे पडणे. पोत्यांत भाताचा पेंढा दाबून भरा आणि अंथरा. पहिला आठवडा बसूनच कुशीवर पडायचे, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून. उभ्याने पडणे सर्वांत शेवटी. अंग मांडी, कंबर, खांदा असे बाजूने टेकले पाहिजे. तळहात किंवा कोपर आधी टेकले तर हाताला इजा होऊ शकते. घाई करणारा मुलगा असेल तर त्याला पुन्हा बसवावे.

बोटाला चेंडू लागला की कोणीतरी ते ओढून 'सरळ' करतो. असे कधीही करू नका. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, तो दुखावला तर बोट वाकडेच वाढू शकते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावा, अंगठी असल्यास लगेच काढा आणि एक्स-रे करून घ्या. बोटाचे टोक खाली लोंबत असेल, आपणहून सरळ होत नसेल, तर सहसा सहा ते आठ आठवडे पट्टी लागते, तीही एकदाही न काढता. दुखायचे थांबले म्हणून आईने मध्येच सोडू नये.

डोक्याला मार बसला तर मूल बरे दिसले तरी त्या दिवशी खेळ बंद. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.