कथेतली बाई खरी कशी वाटेल?

प्रश्न : माझ्या कथेतली मोहफुलं वेचणारी बाई वाचकांना खरी वाटत नाही. काय वाचू, काय सुधारू? – एक वाचक, आरमोरी

उत्तर : आधी विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी वाचा. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात, माडिया आदिवासींमध्ये राहून मनोहर यांनी वर्षानुवर्षं काम केलं. दुसऱ्या वाचनात कथानक बाजूला ठेवा. कोण कशाला घाबरतं, कोण कुणासमोर गप्प बसतं तेवढंच बघा.

आता तुमची बाई. ती गरीब आहे, सोशिक आहे. पण तिला हवंय काय? मार्च-एप्रिलात उजाडायच्या आत ती झाडाखाली पोचते. पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते. वेचलेली फुलं अंगणात वाळत पडतात, वजन कितीतरी घटतं. व्यापारी ‘अजून ओलीच आहेत’ म्हणत भाव पाडतो. थांबलं तर पुढे जास्त पैसे मिळतील, हे तिला ठाऊक आहे. पण लेकीचं लग्न तोंडावर आलंय. ती विकेल की थांबेल? तिथे तिचा स्वभाव दिसेल. तिला हट्टी होऊ द्या, जावेवर जळू द्या. जंगलातल्या माणसाला नुसतं भाबडं रंगवणं हा मला अन्यायच वाटतो.

संवादात तुमच्या भागातली झाडीबोली जरूर आणा, हशा पिकवण्यासाठी मात्र नको. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात. तिथे शेजारी बसलेल्या बायकांचं बोलणंही ऐका आणि घरी आल्यावर शब्द न बदलता उतरवून ठेवा.