गाइड कसा शोधावा?

प्रश्न : एलएल.एम. झालो. कच्च्या कैद्यांच्या जामिनावर पीएच.डी. करायची आहे. गाइड कसा शोधू?

उत्तर : नावांची यादी घेऊन फिरण्याआधी ‘शोधगंगा’ या भारतीय पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर जा. तुरुंग, जामीन, कच्चे कैदी या विषयांवरचे प्रबंध उघडा. पहिल्या काही पानांतच गाइडचं नाव सापडेल. पण तिथे थांबू नका, संशोधनपद्धतीचं प्रकरण वाचा. विद्यार्थी खरोखर कैद्यांशी बोललाय, की नुसते निवाडे चाळलेत, ते तिथे कळतं. तुम्हाला तुरुंगात जायचं असेल, तर अशा परवानग्या काढण्याची सवय असलेलाच गाइड हवा; माझ्या मते हे त्याच्या पदापेक्षा महत्त्वाचं.

मग त्या गाइडकडे जागा रिकामी आहे का, ते विचारा. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगीला 6 आणि सहायकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

गाइडला पाठवायच्या पत्रात ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे’ एवढंच लिहू नका. नेमका प्रश्न मांडा : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ भोगल्यावर सुटकेचा हक्क देतं (जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून), मग तुमच्या जिल्ह्यात तो कुठे अडतो? असं पत्र प्राध्यापक नक्की वाचतात.