कार्यालयीन ओला कचरा आणि गांडूळखत : स्थानिक व्यवस्थापनाचे अर्थशास्त्र

१ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीतील गाझीपूर येथील कचऱ्याच्या डोंगराचा काही भाग कोसळून दोन जणांना प्राण गमवावे लागले. कचऱ्याची खरी किंमत तो निर्माण करणाऱ्याला नव्हे, तर कचराभूमीच्या परिसरात वावरणाऱ्या नागरिकाला मोजावी लागते, हे या दुर्घटनेने अधोरेखित केले. अर्थशास्त्रात यालाच ‘नकारात्मक बाह्यता’ असे म्हणतात.

भारतातील नागरी घनकचऱ्यात सुमारे निम्मा वाटा विघटनशील पदार्थांचा असतो. ढिगाऱ्यात प्राणवायूच्या अभावी ते कुजले की मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते. म्हणूनच ओल्या कचऱ्यावर उगमस्थानीच प्रक्रिया करण्यास महत्त्व आहे.

वैधानिक चौकट

७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापनाचा अंतर्भाव आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये प्रथम २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम करण्यात आले. २०१६ च्या नियमांनी दररोज सरासरी १०० किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांची स्वतंत्र वर्गवारी केली. त्यांच्या जागी आलेल्या २०२६ च्या नियमांनी ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा अशा चार प्रकारांत वर्गीकरण निश्चित केले.

प्रक्रिया

खतनिर्मितीसाठी शेतातील खोल थरांत राहणारी गांडुळे उपयोगी पडत नाहीत. पृष्ठभागालगतच्या सेंद्रिय थरात राहणारी ‘आयसेनिया फेटिडा’ ही जात त्यासाठी प्रामुख्याने वापरली जाते. अनुकूल स्थितीत गांडूळ दररोज आपल्या वजनाच्या सुमारे निम्मे अन्न खाते. पेटीत ओलावा टिकावा, हवा खेळती राहावी आणि निचरा व्हावा, या मूलभूत अटी होत. १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. ३५ अंशांपुढे गांडुळे दगावू लागतात. म्हणून उन्हाळ्यात सावली व ओले गोणपाट अनिवार्य ठरते. नत्रयुक्त ओल्या कचऱ्यास कर्बयुक्त वाळलेला पाला किंवा कागदाचे तुकडे यांची जोड द्यावी लागते.

एक उदाहरण

समजा, १०० कर्मचाऱ्यांच्या कार्यालयातील उपाहारगृहात दररोज १० किलो अन्नकचरा निघतो. त्यात भाज्यांची देठे, फळांच्या साली व चहाचा चोथा ६ किलो आणि ताटातील उष्टे ४ किलो आहे. पहिल्या भागासाठी सुमारे १२ किलो गांडुळे, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचे एक धरल्यास २४ हजार गांडुळे लागतील. उष्ट्या अन्नातील तेल, मीठ व मसाला मात्र त्यांना घातक असतो. तेव्हा उरलेल्या ४ किलोंवर पेटी हा उपाय नव्हे. हवे तेवढेच वाढणे आणि बायोगॅस हे मार्ग अवलंबावे लागतात. अनेक कार्यालयांतील पेट्या दुर्गंधीमुळे बंद पडतात, त्यामागे हा भेद न पाळणे हे एक प्रमुख कारण असते.

खर्च, लाभ आणि मर्यादा

तयार खताच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न अल्पच असते. खरा लाभ टळलेल्या वाहतुकीत व कचराभूमीवरील कमी झालेल्या भारात आहे. परंतु तो कार्यालयाच्या नव्हे, नगरपालिकेच्या हिशेबात जमा होतो. उदाहरणातील कार्यालय १०० किलोंच्या मर्यादेखाली असल्याने त्या निकषावर त्याच्यावर सक्ती येत नाही. म्हणजे पेटीचा खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती उद्भवते. कचरा शुल्कातील सवलत हा ही दरी सांधण्याचा एक मार्ग होय.

श्रमाचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. वर्गीकरण न झालेला कचरा निवडण्याचे काम अखेरीस सफाई कामगाराच्या हाती येते. त्याचा मोबदला हिशेबात न धरल्यास बाह्यता नाहीशी होत नाही. ती कचराभूमीवरून कार्यालयाच्या मागील अंगणात येते, इतकेच. वर्गीकरण ज्याच्या त्याच्या हातून झाले आणि देखभालीचे दायित्व सवेतन निश्चित केले, तरच ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व प्रत्यक्षात उतरेल.