आजार कळल्यानंतरचा आयुर्विमा

हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांना विम्याची आठवण होते. नोकरदाराच्या मागे प्रॉव्हिडंट फंड असतो. दुकानदार व कारागिराच्या मागे पुष्कळदा उधारीची वही तेवढी राहते. विमा जायज की नाजायज, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. येथे आम्ही व्यवहारापुरते बोलतो.

1) जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका. खरी माहिती देऊन घेतलेली पॉलिसी नंतरच्या आजाराने रद्द होत नाही. मात्र इस्पितळाच्या खर्चात हप्ता राहून जातो. वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्याला 30 दिवस, मासिक हप्त्याला 15 दिवसांची सवलत असते. त्यानंतर पॉलिसी पुन्हा चालू करताना प्रकृतीची माहिती द्यावी लागते आणि तेथेच घोडे अडते.

2) नव्या अर्जात आजार लपवू नका. "शुगर लिहू नका" असे सांगणारा एजंट दाव्याच्या वेळी जबाबदारी घेत नाही. अर्जावर सही तुमची असते. समजा, ओशिवऱ्याच्या एखाद्या फर्निचर कारागिराने अँजिओप्लास्टी लपवली आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा इंतकाल झाला. इस्पितळाचे कागद कंपनीच्या हाती लागले की दावा नाकारला जातो. विमा कायदा 1938 च्या कलम 45 प्रमाणे, 2015 च्या दुरुस्तीनंतर, तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर हरकत घेता येत नाही. पण आजारी माणसाने तीन वर्षांचा भरवसा कसा धरावा? शिवाय बंद पॉलिसी पुन्हा चालू केली की ही तीन वर्षे नव्याने मोजतात.

3) एक नकार अखेरचा समजू नका. कंपनी जादा हप्ता मागते, काही काळ थांबायला सांगते किंवा नाकारते. प्रत्येक कंपनीचे निकष वेगळे असतात. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल व डॉक्टरांचे पत्र एका फाइलीत ठेवा.

4) प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत बँक किंवा टपाल खाते असलेल्या 18 ते 50 वयाच्या व्यक्तीस वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचे संरक्षण मिळते. वैद्यकीय तपासणी नसते. पहिले 30 दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूचाच दावा चालतो.

5) दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, तर घाटकोपर-मुलुंडकरांसाठी ठाण्याला आहे. फी नाही, वकीलही लागत नाही.

आज धडधाकट असलेल्या बंधूंनी मात्र आजाराची वाट पाहू नये. पॉलिसी कोठे ठेवली आहे, हे घरच्यांना आजच सांगून ठेवावे.