अवकाशमालिका मधेच बंद का पडतात?

अवकाशयानाची एखादी मालिका तुम्ही आवडीने पाहू लागता आणि ती मधेच बंद पडते. असे का होते? त्यामागे एक हिशेब असतो. तो तुम्हालाही मांडता येईल.

पहिली बाब खर्चाची. कौटुंबिक मालिकेत तोच दिवाणखाना रोज चालतो. अवकाशकथेला मात्र नवे ग्रह, नवे पोशाख, यानांच्या प्रतिकृती लागतात. समजा, तिच्या एका भागाला ६ लाख रुपये लागले व ३ लाख लोकांनी तो पाहिला, तर दर प्रेक्षकामागे खर्च २ रुपये झाला. कौटुंबिक मालिकेला २ लाख रुपये लागले व प्रेक्षक ४ लाख मिळाले, तर खर्च अवघा ५० पैसे! जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षक पाहून.

अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ साली सुरू झाली. प्रेक्षकांनी पत्रांचा वर्षाव केल्यावर ती तिसऱ्या वर्षीही चालू राहिली; पण वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. १९६९ मध्ये, ७९ भागांनंतर, ती बंद झाली. पुढे पुनःप्रक्षेपणात मात्र ती अतिशय लोकप्रिय ठरली.

दुसरी बाब मोजणीची. घरोघरी जाऊन प्रेक्षक मोजणे अशक्य. म्हणून निवडक घरांतील टीव्हीला मीटर जोडतात व त्यावरून सर्वांचा अंदाज बांधतात. निवडलेल्या घरांना ‘नमुना’ म्हणतात. आपल्या देशात खाजगी संस्थांचे मीटर अनेक वर्षे मुख्यतः शहरांतच होते. ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण घरांचे आकडे ऑक्टोबर २०१५ पासून देण्यास सुरुवात केली. त्याआधी अहमदपूरच्या आसपासच्या खेड्यांत कोणी काय पाहिले, हे या मोजणीत येतच नव्हते.

करून पाहा : डब्यात सोयाबीनचे ९० व तुरीचे १० दाणे घ्या. तूर म्हणजे अवकाशमालिकेचे प्रेक्षक. डबा नीट हलवा, न पाहता २० दाणे काढा, तूर मोजा व दाणे परत टाका. सरासरीने २ दाणे तुरीचे यावेत. पण साधारण दहा वेळांतून एकदा एकही येणार नाही! आता तूर तळाशी ठेवा आणि न हलवता वरचेच दाणे काढा. काय आढळते?

पहिली चूक जास्त दाणे काढल्याने कमी होते. दुसरी मात्र डबा हलवल्याशिवाय जात नाही. म्हणून कोणताही आकडा वाचताना प्रथम विचारा : नमुना किती मोठा होता, आणि त्यात कोण नव्हते?