तिसाच्या आत

कॅल रॉलीने बेसबॉलच्या २०२५च्या मोसमात ६० होमरन मारले. मार्चमध्ये मी आमच्या लीगच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "यंदा तिसाच्या आत." तेही सिअ‍ॅटलमध्ये राहून, मरिनर्सच्या गावात, मरिनर्सच्याच कॅचरबद्दल. उन्हाळाभर किराणा आणायला गेलो तरी पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर त्याचं नाव. भाकीत साफ चुकल्यावर कबुली द्यायची कशी, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून आता मीच सांगतो. सांगता सांगता माझी बाजूही मांडणार आहे, कारण ती आजवर कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेली नाही.

फँटसी म्हणजे ड्रीम११, एका सामन्यापुरता संघ, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: आमची लीग बारा जणांची, मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत रोज चालणारी आणि कीपर पद्धतीची. म्हणजे गेल्या वर्षीचे काही खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येतात. बाकीचे नियम समजावत बसत नाही. हा खेळ १९८०मध्ये सुरू करणाऱ्या डॅनियल ओक्रेंटना स्वतःच्या लीगचं विजेतेपद कधी मिळालं नाही, ही गोष्ट मला अलीकडे फार धीर देते.

रॉली माझ्याकडे होता, तोही स्वस्तात. मी त्याला ठेवला नाही. कारणं सांगतो, आणि त्यातलं एकही वेडगळ नव्हतं. कॅचर उकिडवा बसून रोज शंभराहून जास्त चेंडू घेतो. गुडघे, बोटं, पाठ, सगळ्यांची वाट लागते. बहुतेक कॅचरना म्हणूनच मोसमात भरपूर विश्रांती द्यावी लागते. रॉलीची २०२४ची सरासरी होती .२२०. सिअ‍ॅटलचं मैदान फलंदाजांसाठी देशातल्या सर्वांत अवघड मैदानांपैकी एक. वसंतातल्या गार हवेत चेंडू लांब जातच नाही. शिवाय तोवर कोणत्याही कॅचरने एका मोसमात ४८च्या वर होमरन मारलेले नव्हते. तो विक्रम साल्वादोर पेरेझने २०२१मध्ये केलेला. यावर कुठल्याही शहाण्या माणसाने काय म्हटलं असतं?

लीगमध्ये एक दादा आहेत. मूळचे साताऱ्याचे, इथे माझ्या कितीतरी आधी आलेले, सगळे त्यांना दादाच म्हणतात. त्यांनी फोन केला. म्हणाले, "लेकीकडे त्या रॉलीची जर्सी आहे रे. घरात वाद नको. दे की मला." मी बदल्यात कॉर्बिन बर्न्स मागितला. २०२१चा साय यंग विजेता, अ‍ॅरिझोनाने नुकताच सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलरला घेतलेला पिचर. दादा लगेच हो म्हणाले. लेकीच्या जर्सीपायी बर्न्स सोडला. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

बर्न्सबद्दल मी चुकलो नव्हतो, हेही नोंदवून ठेवा. ११ सामन्यांत त्याचा ईआरए २.६६ होता. जूनच्या सुरुवातीला कोपर गेला, टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि मोसम संपला. पिचरच्या कोपराचं भाकीत करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आता मुख्य गोष्ट. चूक कळली ती साठाव्या होमरनला नाही. कळली मे महिन्याच्या शेवटी, एका रात्री, मी माझाच मार्चमधला तक्ता उघडून बसलो होतो तेव्हा. रॉलीच्या ओळीत मीच भरलेले आकडे होते. सामने: २०२२मध्ये ११९, २०२३मध्ये १४५, २०२४मध्ये १५३. होमरन: २७, ३०, ३४. दोन्ही रांगा सरळ वर चढणाऱ्या. आणि त्यांच्यापुढे, माझ्याच हातचे, २०२५चे अंदाज: सामने १२५, होमरन २८. गेल्या वर्षी १५३ सामने खेळलेल्या माणसाला मी १२५ दिले होते. का? तर तो कॅचर आहे म्हणून. कॅचर दमतात, कॅचर घसरतात, कॅचर विश्रांती घेतात. या माणसाने तीन वर्षं यातलं काहीही केलेलं नव्हतं आणि ते माझ्यासमोर लिहिलेलं होतं. मी रॉलीचं भाकीत केलंच नव्हतं. मी कॅचर नावाच्या जमातीचं भाकीत केलं आणि त्यावर रॉलीचं नाव चिकटवलं. विश्रांतीच्या दिवशी मरिनर्स त्याला डीएच म्हणून फलंदाजीला पाठवत होते, हेही मी सोयीस्कर विसरलो. २०२५मध्ये तो १५९ सामने खेळला.

६०चा आकडा कोणालाच दिसला नव्हता. आमच्या ग्रुपवर चाळीस म्हणणाराही कोणी नव्हता. त्या साठाबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. पण २८ हा आकडा चुकीचा होता आणि तो मार्चमध्येच चुकीचा होता. फरक लक्षात घ्या. खेळाडूने चमत्कार केला म्हणून भाकीत फसणं वेगळं, आणि समोरचे आकडे न वाचल्याने फसणं वेगळं. कबुली फक्त दुसऱ्याची द्यायची. पहिल्याची दिलीत तर लोक तुम्हाला सगळंच विचारायला लागतात.

त्या रात्रीच ग्रुपवर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. वाटलं, जून येऊ दे, गरमी वाढली की गुडघे बोलतील. जून संपायच्या आत त्याचा तिसावा होमरन झाला, आणि बर्न्सचा कोपरही तोवर गेला होता. मग मी लिहिलं, आणि तेही भलतंच. मैदानाची हवा, चेंडूच्या वेगाची मोजणी, कॅचरांचे वीस वर्षांचे तक्ते, शेवटी "पण". दादांचं उत्तर आलं: "वाचायला रजा टाकावी लागेल रे." खाली अकरा हसरे चेहरे. माझा मुद्दा बरोबर होता, पण ते कोण वाचतंय.

म्हणून पहिला सल्ला. कबुली एका ओळीची असावी. मी काय म्हटलं, काय झालं, माझं कोणतं कारण तुटलं. "रॉली तिसाच्या आत म्हटलं होतं, तो मेमध्येच त्या वाटेवर होता, सामन्यांचा अंदाज मी कॅचर म्हणून कापला, तो चुकला." बस. "पण" आला की लोक फक्त "पण"च्या पुढचं वाचतात.

दुसरा, जो मला महागात पडला: भाकितासोबत कारणही त्याच दिवशी लिहून ठेवा. आकडा चुकला हे सगळ्यांनाच दिसतं. कोणतं कारण चुकलं हे फक्त तुम्हाला कळू शकतं, आणि लिहिलेलं नसेल तर जूनमध्ये स्मरणशक्ती तुमच्या बाजूने खोटं बोलते. तपासायला कधी बसायचं, तर निदान काही आठवडे जाऊ द्या. स्ट्राईकआउटचं प्रमाण लवकर स्थिरावतं. सरासरी अख्ख्या मोसमातही धड स्थिरावत नाही. एप्रिलमधल्या सरासरीवरून माफी मागणारे लोक मी पाहिले आहेत. ते पुन्हा मेमध्ये माफी मागतात.

जुनी उदाहरणं पाहून ठेवा, त्याने अंगावरचा भार कमी होतो. ब्रेडी अँडरसनने १९९६मध्ये ५० होमरन मारले. पुन्हा होणार नाही म्हणणारे बरोबर ठरले. पुढच्या वर्षी १८. होझे बाउतिस्ताचा आधीचा उच्चांक १६ होता, २०१०मध्ये त्याने ५४ मारले. तेच वाक्य पुन्हा बोलणाऱ्यांच्या तोंडावर त्याने २०११मध्ये ४३ मारले. वाक्य तेच होतं. पहिल्यांदा म्हणणारे जाणकार ठरले, दुसऱ्यांदा म्हणणारे मूर्ख.

तिसरा सल्ला: कबुली दिली त्या आठवड्यात व्यवहार करू नका. जुलैमध्ये अटलांटात रॉलीने होमरन डर्बी जिंकली, चेंडू टाकायला वडील आणि मागे कॅचर म्हणून धाकटा भाऊ. सगळं गाव भारावलेलं. दुसऱ्याच दिवशी दादांचा निरोप: "परत हवाय का?" बदल्यात माझे दोन सर्वांत चांगले खेळाडू. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. नाही म्हटलं. ऑल-स्टार ब्रेकपर्यंत त्याचे ३८ होते, नंतर २२. मी ओळखलं होतं की वेग उतरेल. त्याबद्दल एकानेही शाबासकी दिलेली नाही.

बाकी नेहमीचंच. रात्री उशिरा ग्रुपवर लिहू नये. चिडलेले असताना तर नाहीच. खेळ आहे, खेळासारखा घ्यावा, असं लोक सांगतात. जिंकणारे जास्त सांगतात.

२४ ऑगस्टला रॉलीने एकाच सामन्यात ४८वा आणि ४९वा मारून पेरेझला मागे टाकलं. तीन दिवसांनी गणेश चतुर्थी. दादांच्या घरी आरती झाली, पानं मांडली, आणि दादा माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, याला मोदक मोजून वाढा हं. तिसाच्या आत." खोली हसली. हिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तीही हसली. मी हसलो. त्याचं काही नाही. पण नंतर हातात ताट घेऊन तेच दादा दोघा नवख्यांना सांगत होते, "मला मार्चमध्येच त्याच्या स्विंगमध्ये काहीतरी दिसलं होतं." स्विंगमध्ये! लेकीची जर्सी गेली कुठे?

मी तिथे बोललो नाही. गणपतीसमोर काय बोलणार. तुम्ही बोला. तुमच्या चुकीवर हसणाऱ्याला शांतपणे विचारा, "तुमचं भाकीत काय होतं? कुठे लिहिलं होतं?" बहुतेकांनी काहीच म्हटलेलं नसतं. जो कधी आकडा सांगत नाही तो कधी चुकत नाही, आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच असतो.

मोसम संपल्यावर मी लीगमध्ये ठराव मांडला: ट्रेड करताना दोन्ही बाजूंनी आपापलं कारण एका ओळीत नोंदवायचं, आणि ते वर्षअखेरीस सगळ्यांना दाखवायचं. मतदान झालं. ठराव पडला. विरोधात पहिलं मत दादांचं.