सपाटीवरचा सायकलस्वार आणि घाटाचा हिशेब

वसईचा किनारा सायकलीला अनुकूल आहे, हे येथल्या माणसाला सांगावयास नको. अर्नाळा, आगाशी, निर्मळ, सोपारा, वसईचा किल्ला ही सारी पट्टी जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. वाडीतली भाजी आणि फुले कॅरियरवर बांधून स्टेशन गाठणारी सायकल या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. परंतु या सपाटीमुळेच आपल्याकडे एक समज रूढ झाला आहे, तो असा की, घाटाची सायकलस्वारी पुणे-नाशिककडच्या लोकांनी करावी. आपल्या दारात घाट नाही, तेव्हा तो आपला प्रांत नव्हे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. राजा म्हटला की तो डोंगरातलाच असणार, असे आपण धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, हे प्रस्तुत लेखात तपासून पाहावयाचे आहे. गेल्या दोन हिवाळ्यांत मी २०० व ३०० कि. मी. चे टप्पे पुरे केले आहेत आणि यंदा ४०० व ६०० कि. मी. ची तयारी चालू आहे. म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता केवळ पुस्तकी नाही.

ही स्वारी कोणती?

येथे अभिप्रेत असलेला प्रकार म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करावयाची लांब पल्ल्याची स्वारी. तिला फ्रेंच भाषेतून आलेला ‘ब्रेव्हे’ हा शब्द रूढ आहे. हिच्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतीत पोहोचला तो यशस्वी. २०० कि. मी. ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास, अशी मुदत असते. एकाच हंगामात हे चारही टप्पे पुरे करणारास ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. वाटेतील ठरावीक ठाण्यांवर नोंद करावी लागते. इतरत्र कोणाची मदत घेता येत नाही. पंक्चर आपणच काढायचे.

या प्रकाराचे मूळ पीठ म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. सुमारे १२०० कि. मी. ची ही स्वारी १८९१ साली प्रथम झाली. त्या वेळी शार्ल तेराँ हा सुमारे ७१ तासांत, जवळजवळ न झोपता, पहिला आला. आता ती दर चार वर्षांनी होते व तिला कमाल ९० तासांची मुदत असते. विशेष म्हणजे तिच्या मार्गावर सह्याद्रीसारखा एकही मोठा घाट नाही. मात्र लहान लहान टेकाडांची बेरीज अकरा हजार मीटरांच्या पुढे जाते, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीहून अधिक! २०१९ साली भारतातून अनेक स्वार तेथे गेले. त्यांतील बहुतेकांना मुदत गाठता आली नाही. मोठा घाट दिसतो तरी. लहान चढांची बेरीज दिसत नाही, हा यातील धडा होय.

याहूनही कठीण म्हणजे ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’. सुमारे ४८०० कि. मी. अंतर आणि पन्नास हजार मीटरांहून अधिक चढ. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने ती पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. त्यांपैकी गोकुलनाथ यांना आदल्या वर्षी ती अर्धवट सोडावी लागली होती. यात आपल्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, नागपूर हे काही घाटांचे शहर नव्हे. तेथील माणूस अमेरिकेतील पर्वत ओलांडू शकत असेल, तर वसईकराने निराश होण्याचे कारण नाही.

चढाचे गणित

आता आकड्यांकडे वळू. आपल्याच पालघर जिल्ह्यातील जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. स्वार आणि सायकल मिळून वजन ७५ किलो धरा. एवढे वजन ४५० मीटर उचलण्यास सुमारे ३३१ किलोज्यूल, म्हणजे साधारण ८० किलोकॅलरी इतके काम होते. आपले शरीर हे फारसे काटकसरी यंत्र नाही. खाल्लेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो. म्हणून खर्च ३२० ते ४०० किलोकॅलरी होतो. एका मध्यम केळ्यात सुमारे १०० किलोकॅलरी असतात. म्हणजे अंतराचा खर्च वेगळा ठेवला, तर जव्हारची निव्वळ उंची अवघ्या चार केळ्यांत मिळते!

मग घाटात माणसे गळतात का? उंची महाग नसते. घाई महाग असते. विसात एक असा चढ घ्या. ४५० मीटर चढण्यास ९ कि. मी. जावे लागेल. ताशी ८ कि. मी. वेगाने गेल्यास केवळ उंचीसाठी सुमारे ८२ वॅट शक्ती लागते आणि ६७ मिनिटे जातात. ताशी १२ कि. मी. वेगाने गेल्यास १२३ वॅट लागतात आणि ४५ मिनिटे जातात. वाचली ती २२ मिनिटे. परंतु शक्ती दीडपट लागली, आणि ती शरीराने कोठून आणली हे महत्त्वाचे आहे. संथ गतीत स्नायू चरबी बऱ्याच प्रमाणात वापरतात. तिचा साठा मोठा असतो. जोर वाढला की साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने खर्च होते. तिचा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार किलोकॅलरी. ती संपली की पाय शिशासारखे होतात, आणि वाचवलेली २२ मिनिटे पुढच्या चहाच्या टपरीवर व्याजासह परत करावी लागतात.

दुसरा भ्रम उताराचा. ‘चढताना गेलेला वेळ उतरताना भरून काढू,’ असे पुष्कळजण म्हणतात. वरचाच घाट ६७ मिनिटांत चढलो आणि ताशी ३० कि. मी. वेगाने १८ मिनिटांत उतरलो, तर १८ कि. मी. ला ८५ मिनिटे लागली. सपाटीवर ताशी २० ने हेच अंतर ५४ मिनिटांत झाले असते. अर्धा तास गेला तो गेलाच! तो पुढे शोधायचा नाही. आधीच अंदाजपत्रकात धरायचा.

६०० कि. मी. ला ४० तास म्हणजे, थांबे धरून, ताशी १५ कि. मी. चालता वेग २० असेल तर ३० तास पेडलवर जातात आणि जेवण, पंक्चर व झोप यांना १० तास उरतात. डोंगरांमुळे चालता वेग १७ वर आला, तर हातात पाच तासही राहत नाहीत. म्हणून डोंगराळ मार्गावर खरी बचत जोर लावून होत नाही. ती विनाकारण थांबण्याचे टाळून होते. पंधरा-पंधरा मिनिटांचे वीस थांबे म्हणजे पाच तास!

यंत्र कसे असावे?

थळघाटात, म्हणजे आपल्या कसारा घाटात, रेल्वेचा चढ ३७ त १ असा आहे. तेवढ्यासाठीही गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडण्याची पद्धत आहे. सायकलस्वाराला असे इंजिन नाही. त्याला आधार गिअरचा. घरच्या साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. उभ्या चढावर वेग ताशी ६ कि. मी. वर आला की मिनिटाला जेमतेम १८ फेरे पडतात. प्रत्येक फेरा म्हणजे गुडघ्यावर घाव. पुढे ३० आणि मागे ३४ दाते असलेली सायकल एका फेऱ्यात १.८५ मीटर जाते; त्याच वेगाला ५४ फेरे पडतात आणि गुडघा सुखी राहतो. तात्पर्य, सायकल महागडी नसली तरी चालेल. पण तिचा सर्वांत हलका गिअर खरोखर हलका हवा. पैसे खर्च करावयाचे तर आधी येथे, मग चांगल्या टायरांवर व दिव्यांवर, आणि वजन कमी करण्यावर सर्वांत शेवटी.

बसण्याची उंचीही तितकीच महत्त्वाची. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली असता पाय सरळ व्हावा, ही साधी कसोटी आहे. शंभर कि. मी. ला क्षुल्लक वाटणारी ठुसठुस चारशे कि. मी. ला स्वारी संपवते.

घाटाविना सराव

स्नायूंना डोंगर कळत नाही. त्यांना कळतो जोर आणि त्याचा अवधी. हे ओळखले म्हणजे सपाटीवरही घाट सापडतो. आपला घाट म्हणजे वारा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. त्या वेळी किल्ल्याकडून अर्नाळ्याकडे जाताना वारा तोंडावर येतो. तेथे सबंध तासभर एकसारख्या जोराने पेडल मारणे हा चढाचा उत्तम पर्याय होय. दुसरे साधन जीवदानीचे. तेराशेहून अधिक पायऱ्या आठवड्यातून एकदा संथपणे चढल्या तर मांड्या व श्वास दोन्ही तयार होतात. मात्र उतरताना गुडघे जपावेत. तिसरे, शिरसाडहून वज्रेश्वरी-अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लहान चढउतार. आणि महिन्यातून एकदा खरा डोंगर: मनोर, विक्रमगडमार्गे जव्हार. ही वाट मी चार वेळा केली आहे. पहाटे निघाल्यास संध्याकाळपर्यंत विरारला परत येता येते. जोर सपाटीवर कमावता येतो. पण वळणावरचा उतार, ब्रेक आणि गिअर बदलण्याची वेळ या गोष्टी घाटच शिकवतो.

पावसाळा संपल्यावर अठरा-वीस आठवड्यांची आखणी करावी. आठवड्यात दोन दिवस तासाभराची जोरकस स्वारी, एक दिवस पायऱ्या, रविवारी लांब पल्ला, आणि एक दिवस संपूर्ण विश्रांती. लांब पल्ला दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावा आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावा. कारण ताकद श्रमात येत नाही, श्रमानंतरच्या विश्रांतीत येते. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ लांब जावे, म्हणजे थकल्या पायांनी सायकलवर चढण्याची सवय होते. अखेरचे दोन आठवडे श्रम निम्म्यावर आणावेत.

अन्न, पाणी, झोप

लांब स्वारीत तासाला ५० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जावी, तीही भूक लागण्यापूर्वी. बाजारातील परदेशी पुड्यांवाचून अडत नाही. दोन केळ्यांत साधारण ५० ग्रॅम मिळतात. आपल्या भागातील सुकेळी, म्हणजे राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, ही तर जणू सायकलस्वाराकरिताच निर्माण झाली आहेत; खिशात मावतात आणि लवकर नासत नाहीत. उकडलेला बटाटा मीठ लावून, चिक्की, मीठ घातलेली तांदळाची पेज हेही उत्तम. जे खायचे ते सरावात खाऊन पाहिलेले असावे.

किनाऱ्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही. म्हणून शरीर थंड होत नाही आणि घाम अधिकच येतो. ताशी अर्धा ते पाऊण लिटर द्रव घ्यावा. त्यात मीठ हवे. तासन्‌तास नुसते पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियम घटते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ ही त्याची लक्षणे. लिंबू, साखर आणि मीठ घातलेले सरबत किंवा कोकम सरबत हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, झोप. सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाची चपळाई मद्य घेतलेल्या माणसासारखी मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. अहमदाबाद महामार्गावर रात्री अवजड ट्रक धावत असतात. तेथे एका डुलकीची किंमत काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. डोळे मिटू लागले की पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर, उजेडात, वीस मिनिटे आडवे व्हावे. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, अंगात चमकणारे जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट ही स्वारीची अट आहेच. ती सरावातही पाळावी. उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता पुढचा-मागचा आलटून पालटून वापरावा. जुन्या सायकलींची लोखंडी रिम भिजली की ब्रेक फारच कमी लागतो, हे विसरू नये.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, घाट दारात नसणे ही अडचण आहे, पण ती दुय्यम आहे. मुख्य अडचण स्वभावाची. चढ दिसला की जोर लावावा, पुढचा दिसला की त्याला गाठावे, झोप आली की तिला हिणवावे, ही तारुण्याची ओढ असते. लांब पल्ला नेमका याच्या उलट गुण मागतो: मागे पडण्याची तयारी, वेळेवर खाण्याची शिस्त, आणि गरज पडल्यास सायकल बाजूला लावून ‘आज नाही’ असे म्हणण्याचे धैर्य. मुदत चुकली तर पुढच्या हंगामात पुन्हा निघता येते. जीव चुकवून चालत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या हिवाळ्यात आपल्यापैकी कोणाला निघावयाचे असेल, तर आधी २०० कि. मी. चा विचार करा. एक वही घ्या. तीत दर रविवारचे अंतर, चढ, थांबे आणि खाल्लेले पदार्थ लिहीत जा. तीन महिन्यांनी ती वही तुम्हांला तुमच्या पायांपेक्षा अधिक खरे सांगेल, आणि मग जव्हारचा चढ चार केळ्यांचाच वाटेल.